टेबलाखालचं इंग्रजी

इंग्रजीच्या बाईंची शिकवणी बाहेरच्या खोलीत चाले, आणि त्यातली अर्धी टेबलाखाली. 'सब' म्हणजे खाली, हे पोरांच्या डोक्यात काही केल्या शिरेना, तेव्हा बाईंनी एकदा वैतागून सगळ्यांना टेबलाखाली कोंबलं. तिथं मान मोडून बसल्यावर सबवे म्हणजे रस्त्याखालची वाट, सबमरीन म्हणजे पाण्याखालून जाणारी बोट, सबटायटल म्हणजे चित्राखाली उमटणारी ओळ, सगळं बरोब्बर कळलं. नवा शब्द सांगेल त्याची सुटका. बाईंच्या सख्ख्या बहिणीची मुलगी याच टेबलाखाली लहानाची मोठी झाली. पुढं तिला शिकवायची हौस आली, तेव्हा बाईंनी हातचं काहीही राखून ठेवलं नाही.

भाचीनं पलीकडच्या रस्त्यावर चकाचक क्लास काढला. उद्घाटनाला बाई केस रंगवून गेल्या, पहिल्या रांगेत बसल्या. भाचीनं टाळी वाजवली आणि पोरं टेबलाखाली घुसली. बाईंचा ऊर भरून आला. आता आपलं नाव घेईल, म्हणून त्यांनी मांडीवरची पर्स बाजूला ठेवली, उठायला बरं.

"ही पद्धत तुम्हाला सुचली कशी हो?" एका मुलीच्या वडिलांनी विचारलं.

भाचीची नजर बाईंवर आली नि पुढं सरकली. "खूप विचार केला, खूप प्रयोग केले. आणि हो, मावशीचे आभार. माझ्या खाण्यापिण्याची काळजी तिनंच घेतली."

टाळ्या पडल्या. बाईंनीही वाजवल्या, चारचौघांत काय करणार! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारी पोटच्या पोरीसारखी वाढवलेली.

पुढच्याच आठवड्यात एका विद्यार्थ्याची आई दारात उभी राहिली. तिनं वाकून आपल्या मुलाला टेबलाखालून बाहेर काढलं.

"राग मानू नका बाई, पण तुम्ही त्या मॅडमची नक्कल करता, असं सगळेच म्हणतात. म्हटलं, मग त्यांच्याकडेच घालावं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नक्कल? अहो, मीच शिकवलंय तिला! इथं, याच टेबलाखाली!"

"हो हो," ती आई अगदी मायेनं म्हणाली. "मॅडम बोलल्या होत्याच, मावशी असं म्हणेल म्हणून. तिला काही बोलू नका म्हणाल्या, वय झालंय तिचं."