एका समुद्राचे दोन आकडे

ते साल होते १९७६. मी एक जुनी बादली आहे, तीही कापडाची, आणि त्या वर्षी दोन देश माझ्यावरून रुसून बसले होते. हसू नका मित्रांनो, सगळे सांगते.

माझा जन्म बंदरात शिडे शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या मांडीवर झाला. जाड कापड, दुहेरी टाके, तळाला लाकडी चकती आणि काठाला लांब दोर. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या जहाजावर माझी नेमणूक झाली. कठड्यावरून पाण्यात उडी घ्यायची, भरून वर यायचे आणि पोटात तापमापक धरून गप्प उभे राहायचे. समुद्राचे पाणी किती गरम, किती गार, ते असे कळत असे.

माझा दोर आप्पांच्या हातात असे. आप्पा जहाजावरचे जुने खलाशी. पाणी वर आले की ते मला सावलीत ठेवत, चहाचा एक पेला संपवत आणि मगच आकडा वाचत. “पाण्याला जरा दम खाऊ दे,” असे ते म्हणत. वीस वर्षे हेच चालले. त्यांची मुलगी, जिला सगळे ताई म्हणत, किनाऱ्यावरच्या कचेरीत ते आकडे जपून लावून ठेवी.

समोरच्या किनाऱ्यावर दुसरा देश होता. मधला समुद्र मात्र एकच. तेही पाण्याचे तापमान घेत, पण त्यांचे आकडे त्यांच्या कपाटात आणि आमचे आमच्या. गरम पाण्यावर वादळे जोर धरतात. अर्ध्याच समुद्राची माहिती हाती असेल तर वादळाची सूचना कशी द्यायची? म्हणून दोन्ही देशांनी आकडे एकत्र करायचे ठरवले, आणि तिथेच खटका उडाला. एकच दिवस, एकच जागा, तरी त्यांचा आकडा नेहमी आमच्यापेक्षा जास्त!

“समुद्र काय त्यांच्या हद्दीत गेला की स्वेटर घालतो?” कचेरीचे मोठे साहेब कडाडले.

समोरच्या देशाचे शास्त्रज्ञ बोलणी करायला आले होते. त्यांना सगळे पाहुणे म्हणत. ते शांतपणे म्हणाले, “आमचं यंत्र नवीन आहे, इंजिनात पाणी आणणाऱ्या नळाला बसवलेलं. तुमची ती बादली. तुमचे जुने आकडे टाकून द्या, आपण नव्यानं सुरुवात करू.”

दाराशी उभ्या असलेल्या आप्पांचा चेहरा पडला. ताई मात्र उठून उभी राहिली.

“आणि ते वीस वर्षांचं पाणी पुन्हा कुठून आणायचं? एकदा एकत्र मोजून तरी बघू. तुमच्या जहाजावर, आमच्या बादलीनं.”

“आणि आपलंच चुकलं तर?” साहेब कुजबुजले.

“तर चुकलं म्हणू, साहेब. निदान कळेल तरी.”

अशी मी परक्या जहाजावर चढले. “ही दुसऱ्याच्या हातात जायची नाही,” म्हणत आप्पाही आले, आणि त्यांच्यासोबत ताईही. मी उडी घेतली, भरून आले. आप्पांनी सवयीप्रमाणे मला सावलीत ठेवले आणि चहा मागितला. पाहुण्यांनी मात्र तापमापक लगेच बुडवला आणि तसाच धरून ठेवला. आप्पांचा चहा संपेपर्यंत पारा हळूहळू खाली घसरला. वाऱ्याने माझे ओले कापड सुकत होते, आणि माठातले पाणी गार होते तसे माझ्या पोटातले पाणी गार होत होते.

“पाहिलंत?” पाहुणे खुशीत म्हणाले.

“पाहिलं. आता तुमचा नळ दाखवा,” ताई म्हणाली.

खाली इंजिनाजवळ क्षणभर उभे राहवेना. त्या भट्टीतून येणारे पाणी तापणारच. माझ्यातला अगदी पहिला, पाणी गार होण्याआधीचा आकडाही नळाच्या आकड्यापेक्षा कमी निघाला. पाहुण्यांचे कान लाल झाले. मग ते खदखदून हसले. “म्हणजे स्वेटर आम्हीच घातला होता!”

आप्पा हसले नाहीत. “म्हणजे वीस वर्षं मी चुकीचं मोजलं, पोरी?”

“आप्पा, चहा रोज तेवढाच प्यायचात ना?”

“वादळातसुद्धा तेवढाच.”

“आणि वाऱ्याचा वेगही रोज टिपलेला आहे. मग पाणी किती गार झालं ते काढता येईल. तुम्ही दरवेळी सारखंच केलंत, म्हणून तर सगळे आकडे दुरुस्त होतील.”

आप्पांनी दुसरा पेला मागवला.

एकही आकडा फेकला गेला नाही. प्रत्येक आकड्यासोबत तो कसा मोजला, तेही एकमेकांना कळवायचे ठरले. पुढे नवी यंत्रे आली आणि मी दोरांच्या खोलीत पडले. उंदरांनी माझा काठ कुरतडला. ताईने मला शोधून शिवून घेतले. आता दोन्ही देशांची मुले जिथे समुद्राचा अभ्यास शिकतात, तिथे मी खुंटीवर असते. मित्रांनो, जे मोजाल ते जपा, वाटून घ्या, आणि कसे मोजलेत तेही मोकळेपणी सांगा.

मोठे साहेब निवृत्त झाले, आणि ही कल्पना त्यांचीच होती असे अजून सांगतात. पाहुणे त्यांच्या कचेरीचे प्रमुख झाले. ताईचे केस पांढरे झाले, तरी ती मुलांना शिकवायला येते. आप्पा आता नाहीत. त्यांचा धाकटा मुलगा मासेमारी करतो. गेल्या वर्षी समोरच्या देशातून वादळाची सूचना आली, तेव्हा त्याची होडी वेळेवर वाळूवर ओढलेली होती.