ड्रायव्हरला कॉफी

माझ्या नवऱ्याने, रेजीने आखलेला प्रवास पाहून मी कपाळाला हात लावला. बेत साधा होता. मोंलुसोंहून, म्हणजे आमच्या घरून निघायचं आणि चार दिवसांत सांसेर, शाब्ली, बोन ही वाइनची गावं करून शेवटी फ्लरी गाठायचं. पण नकाशावर त्याने ओढलेली लाल रेघ प्रत्येक गावाला बाहेरून वळसा घालत होती.

"हा कुठला रस्ता? गावातून सरळ जाता येतं की."

"तिथल्या पुलाखाली साडेतीन मीटरच उंची आहे. अडकशील."

"अरे, आपली गाडी माझ्या खांद्याला लागते. मी टँकर चालवणार नाहीये!"

तो रबर शोधायला उठला. पहिल्या दिवशीचं अंतर जेमतेम दोन तासांचं, तरी त्यात टँकरवाल्यांच्या नियमातली सक्तीची पाऊण तास विश्रांती लिहिलेली होती. ती मात्र मी राहू दिली.

माझ्या नवऱ्याने एकतीस वर्षं वाइनचे टँकर चालवले. उत्पादकांच्या तळघरांतून भरायचे आणि बाटल्या भरणाऱ्यांकडे नेऊन रिकामे करायचे. भरण्याआधी टाकीचं झाकण उघडून आत डोकं घालायचं आणि हुंगायचं, ही त्याची पद्धत. आधीच्या खेपेचा वास राहिलेला चालत नाही. रेजीचं नाक त्या धंद्यात नावाजलेलं होतं. टाकी तीनदा धुतलेली असली तरी आदल्या आठवड्यात त्यात काय नेलं होतं ते तो सांगायचा. घरात तर या नाकाचा नुसता जाच होता. लोणी कडवट झालंय, माझ्या बहिणीने अत्तर बदललंय, खालच्या शेजाऱ्याने पुन्हा सिगरेट सुरू केलीय, सगळं याला आधी कळायचं.

पण एवढ्या वर्षांत एकाही तळघरात त्याच्या हातात कुणी ग्लास दिला नाही. बरोबरच होतं म्हणा, त्याला पुढे गाडी चालवायची असायची. पाइप लावून टाकी भरत असायची, तेवढ्यात शहरातली गिऱ्हाइकं यायची, त्यांना पिंपातली वाइन मिळायची आणि मालक विचारायचा, "काय म्हणता? कशी वाटते?" ड्रायव्हरला कॉफी मिळायची. "त्यातली निम्मी गिऱ्हाइकं काहीतरीच बोलायची गं," तो मला सांगायचा. "आणि मी तिथे कपातली साखर ढवळत उभा." निवृत्त झाल्यावर तिथे गिऱ्हाईक म्हणून जायचं, असं ठरवलेलं होतं. मग छप्पर गळायला लागलं, मग त्याची आई गेली, मग राहूनच गेलं.

मे महिन्यात त्याच्या जिभेच्या बुडाशी गाठ सापडली. उन्हाळाभर औषधाच्या बाटल्या शिरेतून चढवल्या. आता तेवीस सप्टेंबरच्या सोमवारपासून क्लेरमोंच्या इस्पितळात सात आठवडे किरण देणार होते. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. लाळ आटेल, चव जाईल. परत येईल का, असं मी विचारलं, तर त्या कागद सारखे करत बसल्या. गाडीत बसल्यावर रेजी एवढंच म्हणाला, "सोलांज, आपण त्याआधी जाऊन येऊ."

आणि तो पिणार म्हणजे गाडी मी चालवणार. माझ्याकडे लायसन्स आहे, चांगलं जुनं, पण सव्वीस वर्षं मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. एकदा फाटकाच्या खांबाला गाडी घासली, त्यावर हा गृहस्थ आठवडाभर हसला, तेव्हाच मी किल्ली टेबलावर आपटली होती. या जूनमध्ये सहासष्टाव्या वर्षी मी पुन्हा शिकवणी लावली. तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाई चौकात उतरून सिगरेट ओढून आल्या. बाराव्या दिवशी म्हणाल्या, "मादाम, आता देव तुमच्या पाठीशी असो आणि बाकीचे लोक तुमच्या पुढे नसोत." हे मी घरी रेजीला सांगितलं. तो हसला नाही. माझा हात हातात घेऊन बसला.

तर त्या शनिवारी नकाशा नीट झाला आणि दुपारी बाराच्या ठोक्याला मी फोन घेऊन बसले. जेवणाच्या वेळी उत्पादक घरात सापडतात.

सांसेरचा माणूस हसलाच. "सप्टेंबरात? मादाम, परवापासून द्राक्षतोडणी. नोव्हेंबरात या."

शाब्लीची बाई म्हणाली, "आमच्याकडे तोडणीची माणसं चौदा, आणि न्हाणीघर एक. मला श्वास घ्यायला वेळ नाही हो."

बोनला तर फोन उचलून कुणीतरी नुसतं ओरडलं, "तोडणी!" आणि ठेवला.

मी रेजीकडे पाहिलं. एकतीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला सप्टेंबरात तोडणी असते हे माहीत नव्हतं, असं कसं म्हणायचं? त्याला पक्कं माहीत होतं. पण तेवीस तारीख काही द्राक्षं बघून ठरलेली नव्हती.

"मी सांगते त्यांना," मी म्हणाले. "तुला बरं नाही म्हणून सांगते. माणसंच आहेत ती."

"खबरदार! भीक मागून प्यायची असती तर स्टेशनवर बसलो असतो."

"मग काय करू? द्राक्षांना थांबा म्हणून सांगू?"

"फ्लरी राहिलंय," तो म्हणाला. "गोंद्राँकडे लाव."

मला आशा नव्हती. फोन गोंद्राँच्या मुलीने उचलला. आता सगळं तीच बघते. मागे माणसांचा गलका, ताटल्यांचा आवाज. मी घाईघाईने बोलले. माझे यजमान पूर्वी टँकर चालवायचे, तुमच्याकडे यायचे, रेजी म्हणून.

"रेजी? टँकरवाला रेजी?" ती एवढ्या मोठ्याने बोलली की तो टेबलापलीकडून ताठ झाला. "अहो, माझ्या बाबांशी भांडलेला तोच ना? बारा नंबरच्या टाकीतली वाइन बिघडलीय, मी भरणार नाही म्हणून अडून बसला होता. बाबांनी काय शिव्या दिल्या त्याला! आणि आठ दिवसांनी तपासणीत तेच निघालं. ती आमच्या नावाने बाजारात गेली असती तर आम्ही संपलोच होतो."

"तो मीच," रेजी पुटपुटला, जणू ती त्यालाच विचारत होती.

"शुक्रवारी वीस तारखेला या," ती म्हणाली. "तोडणीवाल्यांबरोबर पंगतीला बसावं लागेल, चालेल ना? आणि त्याला सांगा, गेल्या वर्षीची वाइन अजून पिंपात आहे. माझं काही ठरत नाहीये. त्याने हुंगावी, प्यावी आणि सगळ्यांसमोर मला सांगावं, कशी वाटते ते. त्याच्या नाकावर माझा भरवसा आहे."

मी फोन ठेवला आणि रडले. लाज वाटण्यासारखं काही नव्हतं त्यात. एवढी वर्षं ज्या एका प्रश्नाची तो वाट बघत होता, तो प्रश्न आता तारीख ठरवून त्याच्यासाठी ठेवलेला होता. बाकीची तीन गावं गेली खड्ड्यात!

"उघड काहीतरी," मी म्हणाले. "आज उघडायचीच."

तो तळघरातून गोंद्राँचीच एक जुनी बाटली घेऊन आला. बूच काढलं, दोन ग्लास भरले. मी ग्लास हातात घेतला आणि तोंडाजवळ नेण्याआधीच मला तो वास आला. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद खोलीत कुजलेल्या वर्तमानपत्रांचा. बूच खराब निघालं की बाटली अशी नासते, आणि हे मला शिकवलं ते रेजीनेच. खाणावळीत शेजारच्या टेबलावर अशी बाटली उघडली तरी तो खुर्ची मागे सरकवायचा.

त्याने ग्लास फिरवला. नाक आत घातलं, डोळे मिटले. चांगला वेळ घेतला. मग एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळताना दुखलं तसा थांबला आणि म्हणाला, "छान. टिकलीय अजून."

या उन्हाळ्यात त्याने माझ्या स्वयंपाकाला एकदाही नाव ठेवलं नव्हतं. खारट सूपही "मस्त" म्हणून संपवलं होतं. मला वाटलं, आजारपणाने माणूस मऊ झाला. मी मूर्ख! तेवीस तारखेची कसली वाट बघत होतो आम्ही? जे जायचं ते औषधाच्या बाटल्यांबरोबरच गेलं होतं, आणि तो ते कुणाला सांगत नव्हता. मी बारा दिवस चौकाचौकांत शिव्या खाऊन गाडी शिकत होते, मग मला तो काय सांगणार होता?

जिभेवर आलेलं बोलणं मी आवरलं. स्टेशनवरच्या भिकाऱ्याचं त्याने मघाशीच बोलून दाखवलं होतं. माझी दयाही त्याला तशीच लागली असती.

तो माझ्याकडे बघत होता. "सांग ना," तो म्हणाला. "तुला कशी वाटते?"

विचारायचं म्हणून त्याने विचारलं नव्हतं. त्याला खरोखरच माहीत नव्हतं, आणि माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी पूर्ण ग्लास प्यायले. ती घाण घशाखाली उतरवताना डोळ्यांत पाणी आलं, पण मघाचं रडणं होतंच, ते खपून गेलं.

"चेरीसारखी आहे," मी म्हणाले. "जराशी मिरी. आणि शेवटी... तू म्हणायचास ना, पावसानंतरच्या बागेसारखी."

"हां," तो हळूच म्हणाला. "तशीच असायची ती."

गोंद्राँच्या मुलीचा गजबजलेला आवाज माझ्या कानात होता. त्याच्याही असणार. सगळ्यांसमोर, ती म्हणाली होती. मग त्याने नकाशा जवळ ओढला. शुक्रवारच्या खाली त्याने स्वतःच मोठ्या अक्षरांत 'गाडी : सोलांज' असं लिहिलं होतं. त्याने लाल पेन्सिल उचलली आणि माझं नाव खोडलं.

"फ्लरीचा शेवटचा चढ अवघड आहे," तो म्हणाला. "तुझा क्लच अजून बसलेला नाही. त्या दिवशी मी चालवतो."

"चालवणाऱ्याला पिता येत नाही, रेजी."

"ते मला शिकवतेस?" तो नकाशाकडे बघूनच बोलला. माझ्या नावाच्या जागी त्याने आपलं नाव नीट लिहिलं आणि गाडीची किल्ली माझ्या बाजूने उचलून आपल्या खिशात टाकली. "तू पी. तिला काय सांगायचं ते तू सांग. मला कॉफी देईलच की ती."