लाल वर्तुळ

अच्युतला मी लहानपणापासून ओळखते. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्येच वाढला तो. बंगलोरला जाऊन मोबाइलवरची पानं कशी दिसावीत ते ठरवायचं काम करू लागला आणि आमच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या दवाखान्याचं पान त्याने हौसेने करून दिलं. दिसायला झकास, त्यात वाद नाही. एक अक्षर नाही, मधोमध फक्त लाल वर्तुळ. त्यावर बोट टेकवायचं आणि ते भरेपर्यंत धरून ठेवायचं, की ॲम्ब्युलन्स निघते. चुकून हात लागून गाडी धावू नये म्हणून ही युक्ती. "शब्द कोण वाचतं, काकू? हाताला आपोआप कळतं," असं म्हणाला होता. आम्ही कौतुकाने माना डोलावल्या. दवाखान्याने जुना फोन काढूनच टाकला.

त्याचे वडील नीळकंठराव. सगळी नोकरी कारखान्याच्या कंट्रोल पॅनेलपुढे गेलेली. एका रविवारी दुपारी अच्युतच्या आईच्या, कमलिनीताईंच्या, छातीत कळ आली, त्यांचं कण्हणं ऐकून मी धावले. नीळकंठराव बायकोचा हात धरून बसले होते.

"गाडी बोलावलीय, वहिनी. येईलच."

फोन उशाशी होता. त्यांनी वर्तुळ दाबलं होतं, ते लुकलुकलं होतं आणि त्यांनी लगेच बोट काढलं होतं, हे मला मागाहून कळलं. पॅनेलवर हेच करतात. बटण दाबून सोडायचं. दिवा लुकलुकला की हुकूम पोचला, मग हात लावायचा नाही. मी म्हटलं, पुन्हा दाबा. तर म्हणाले, "नको, यंत्रणा गोंधळते."

म्हणून आम्ही वाट पाहिली. कमलिनीताईंचे ओठ निळे पडू लागले तेव्हा मी रस्त्यावर पळाले, मिळेल ती रिक्षा थांबवली. साकेत नगरच्या मोठ्या इस्पितळाच्या वाटेवरच त्या गेल्या. माझ्या मांडीवर डोकं होतं त्यांचं.

दुसऱ्या दिवशी मी ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला फैलावर घेतलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "मैडम, हमारे पास तो कॉल आया ही नहीं."

अच्युत आला. दिवसकार्य झाल्यावर नीळकंठरावांनी फोन त्याच्यापुढे धरला आणि वर्तुळावर टिचकीसारखं बोट लावलं. "हे बघ, असं केलं मी. लुकलुकलं की! माझं काही चुकलं का रे?"

अच्युतचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही बाबा. नेटवर्क गेलं असेल."

"मग ठीक," असं म्हणून नीळकंठराव आत जाऊन आडवे झाले.

मी अच्युतला ओसरीत गाठलं. मला त्याची कीव येत होती आणि एक ठेवून द्यावीशीही वाटत होती. "ते वर्तुळ आजच्या आज बदल. इथे घरोघरी पॅनेलवरचीच माणसं आहेत."

"बदललं तर बाबांना कळेल, काकू. त्यांनी नीट दाबलं असतं तर आई... ते जगणार नाहीत."

"आणि उद्या दुसरी कुणी गेली तर?"

तो चपला चढवू लागला. माझा ताबा सुटला. "मग कळू दे त्यांना!" मी ओरडले.

नीळकंठराव दारात उभे होते. "काय कळू दे, वहिनी?"

मी अच्युतकडे पाहिलं. त्याने मान फिरवली. मग मीच सांगितलं.