उभ्या गाडीची बातमी

त्या सकाळी सटर रस्त्याच्या फाटकावर कोणतीही घटना घडली नाही, असं तुम्ही रेल्वे कंपनीवाल्यांनी कळवलंत. साफ खोटं. घटना घडली आणि ती तुम्ही घडवलीत. रक्त सांडलं नाही म्हणून हात झटकून मोकळे झालात, एवढंच.

मी व्हर्लीन स्टोक्स. फाटकाच्या दक्षिणेला माझं नाश्त्याचं दुकान आहे. अंडी, तळलेले बटाटे, कॉफी. पुढच्या यार्डात जागा नसली की तुमचा कंट्रोलर मालगाडी असेल तिथंच थांबवतो. गाडी इतकी लांब, की इंजिन पार नदीपलीकडे, शेपूट धान्याच्या कोठारांपाशी आणि पोट आमच्या एकुलत्या एक फाटकावर. कधी ती पटकन निघते, कधी अर्धा दिवस हलत नाही. कामं सगळी उत्तरेला, आम्ही राहतो दक्षिणेला. वळसा घालून जायचं तर मोटार हवी, आणि मोटार परवडणारी माणसं आमच्या वस्तीत राहायला येत नाहीत.

मग लोक काय करतात? दोन डब्यांमधल्या जोडावर पाय देतात, शिडीची दांडी धरतात आणि पलीकडे उतरतात. तुम्हाला हे ठाऊक आहे. नसतं, तर ‘चढू नका’ची पाटी ठोकायला माणूस कशाला पाठवला असतात?

चढणाऱ्यांत जास्त करून हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या बायका. त्यांतली सगळ्यात वयस्कर ओझेला टिब्स. गुडघे कामातून गेलेले, तोंड मात्र शाबूत. लाँड्रीच्या साहेबानं तिला बजावलं होतं, की आणखी एकदा उशीर झाला तर घरी बसायचं. गाडी आडवी होती हे कारण तो ऐकून घेत नाही. म्हणतो, तुमची गाडी रोजच आडवी असते.

आता माझ्या रेडिओ स्कॅनरचं सांगते. तळहातात मावणारं काळं डबडं, वर रबराची शेपटी. मी तो घेतला पोलिसांच्या रेडिओवरच्या भानगडी ऐकायला, खोटं कशाला बोलू? कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाची गाय हमरस्त्यावर आली, दुकान रिकामं असलं की तेवढीच करमणूक. ते यंत्र एकेका चॅनेलवर उड्या मारत जातं आणि कुणी बोलत असेल तिथं थांबतं. एकदा ते तुमच्या गाडीच्या ड्रायव्हरवर थांबलं. मी कॉफी ओतायची थांबले. कारण ज्या गाडीबद्दल तो बोलत होता, ती माझ्या खिडकीसमोर उभी होती.

ऐकता ऐकता कळत गेलं. निघायच्या आधी ड्रायव्हर विचारतो. कंट्रोलर परवानगी देतो. ड्रायव्हर ती शब्द न शब्द परत म्हणून दाखवतो, मग इंजिनातल्या आपल्या जोडीदाराला सांगतो. त्यानंतर थोडा वेळ जातो आणि मग इंजिनापासून एकेक जोड ताणला जात धक्का आमच्यापर्यंत येतो. भोंगा इतक्या लांब ऐकू येत नाही. जोडावर उभ्या असलेल्या माणसाला गाडी निघाल्याची पहिली बातमी त्या धक्क्यानंच मिळते.

मला ती आधी मिळायला लागली. मग मी फुटबॉलच्या पंचांची असते तसली शिट्टी आणली. सकाळी दारात उभी राहायची, स्कॅनर कानाशी. मी मान डोलावली तर चढा. शिट्टी वाजली तर जवळ असेल त्या बाजूला उडी. हळूहळू असं झालं, की माझ्या दाराकडे बघितल्याशिवाय कुणी डब्याला हात लावेना.

ओझेला स्कॅनरला माझा नवरा म्हणायची.

“काय गं व्हर्लीन, आज काय म्हणतोय तुझा नवरा?”

“गप्प आहे.”

“देवा, मला का नाही असा दिलास! चल, चढते मी.”

तुमच्या ड्रायव्हरांचे आवाज मला पाठ झाले. एकाचा आवाज घोगरा, सारखा छातीत जळजळ होते म्हणून कुरकुर करायचा. एके दिवशी एक गिऱ्हाईक आलं, अंडी मागितली आणि पहिल्याच शब्दाला मी ओळखलं.

“जळजळ कशी आहे आता?” मी विचारलं.

तो बघतच राहिला. “बाई, आपण भेटलोय का कुठं?”

मी सगळं सांगितलं. त्यानं काटा खाली ठेवला.

“इथं माणसं चढतात?”

“रोज.”

“मी पुढे बसतो हो. मला पुढचे रूळ दिसतात फक्त.” नंतर अंडी तशीच टाकून गेला. पण त्या दिवसापासून परवानगी मिळाली की तो आपल्याकडचं एक वाक्य जोडायचा, “सटर, निघतोय हं.” तुमच्या कुठल्याही नियमात ते वाक्य नाही. माणसाच्या तोंडून आपोआप आलं.

आणि तेच तुम्हाला खुपलं. म्हणून तुमचे हॅस्केट साहेब आले, इस्त्रीचा शर्ट घालून, गोड हसत.

“बाई, ऐकणं हा गुन्हा नाही. पण ऐकलेलं लोकांना सांगून त्यांना गाडीवर चढवणं…”

“मी चढवत नाही. मी उतरवते.”

“तुम्ही शिट्टी घेऊन उभ्या राहता म्हणून लोकांना धीर येतो. तुम्ही नसाल तर चढणार नाहीत.”

“मी नव्हते तेव्हाही लोक चढत होते. पायपूल बांधा ना.”

“त्याचा अभ्यास चालू आहे.”

“किती इयत्तांचा अभ्यास आहे हा? आमची पोरं शाळा सोडून बाप झाली.”

ते हसले. जाताना बोलून गेले, की लवकरच रेडिओ बदलणार आहेत, सुरक्षेसाठी. कधी, ते सांगितलं नाही.

त्या रात्री मी त्यांच्या बोलण्यावर विचार केला. तुम्हाला वाटत असेल मी नुसती भांडते, पण विचारही करते. हॅस्केट अगदीच चूक नव्हते. माझ्या शिट्टीनं एक भयंकर गोष्ट सोयीची करून ठेवली होती. शिट्टी नसती तर कदाचित वस्ती पेटून उठली असती, तुमच्या दारात बसली असती, पूल झाला असता. किंवा कुणीतरी चिरडलं गेलं असतं, तुम्ही फुलं पाठवली असती आणि पूल तरीही झाला नसता. यांतलं काय झालं असतं, हे मी आजही सांगू शकत नाही. पण सकाळी ओझेला डब्याशी उभी राहून माझ्याकडे बघते तेव्हा असल्या विचारांचा काही उपयोग नसतो. हो की नाही, एवढंच सांगायचं असतं.

मग ती सकाळ. गाडी आडवी. मी दारात. स्कॅनर गप्प. गप्प म्हणजे कुणी विचारलं नाही, परवानगी नाही, गाडी उभी. इतकी वर्षं गप्पचा अर्थ तोच होता. मी मान डोलावली. ओझेलानं जेवणाच्या डब्याची पिशवी खांद्याला अडकवली, दांडी धरली, एक पाय जोडावर ठेवला.

तेवढ्यात स्कॅनर घरघरला. शब्द नाहीत. बाटलीत भुंगा कोंडावा तसा आवाज. मला वाटलं बॅटरी गेली. तळहातावर आपटला. पुन्हा घरघर. आधी थोडीशी, मग थांबून जराशी लांब, मग तेवढीच लांब पुन्हा. ती चाल मला पाठ होती. विचारलं. दिलं. परत म्हणून दाखवलं. शब्द तुम्ही काढून घेतले होते, पण बोलण्याची चाल तेवढी राहून गेली होती.

मी जीव खाऊन शिट्टी फुंकली. ओझेलाचा दुसरा पाय तेव्हा जोडावर यायचा होता. ती मागच्या मागे खडीवर पडली. डबे खाडखाड ताणले गेले आणि ती जिथं उभी होती तिथून लोखंड पुढे सरकलं.

मी धावत गेले. कोपर सोललेलं, डोळे गाडीवर.

“तू तर मान हलवलीस,” ती म्हणाली.

“हलवली.”

“मग?”

“त्यांनी रेडिओ बदलला, ओझेला. काल रात्रीत. न सांगता.”

तिनं कोपरावरची खडी झटकली. मग म्हणाली, “तुझा नवरा आता परक्या भाषेत बोलायला लागला म्हण की.” आणि हसायला गेली, पण हसू आलं नाही.

त्या दिवशी तिला उशीर झाला. साहेबानं कोपर बघितलं आणि शेवटची म्हणून एक संधी दिली. पुढच्या वेळी मेलात तरी वेळेवर मरा, असं म्हणाला. गंमत म्हणून म्हणाला म्हणे.

मी चौकशी केली. दुसरा महागातला स्कॅनर घेऊनही भागणार नाही, तुमच्या बोलण्याला आता सांकेतिक कुलूप आहे. घरघर अजून येते, पण तिच्यावरून एवढंच कळतं, की कुणीतरी कुणालातरी काहीतरी म्हणतंय. ही गाडी की मागची, निघा की थांबा, काही कळत नाही. अशा आवाजावर मी कुणाला पाय जोडावर ठेवायला सांगू शकत नाही. आणि चढू नको असंही सांगू शकत नाही, कारण घरभाडं मी भरत नाही, ओझेला भरते.

मला तुमची माफी नको. पाटी तर मुळीच नको. गाडी कधी निघणार ते तुम्हाला ठाऊक असतं. फाटकावर एक घंटा, एक दिवा, एक माणूस, काहीही ठेवलंत तर आम्हालाही कळेल. तुम्ही तेही करत नाही आणि मला ऐकूही देत नाही.

उद्या सकाळी गाडी आडवी असेल. ओझेला डब्याशी येईल, दांडीला हात लावेल आणि माझ्याकडे बघेल. चढू का, विचारेल. मी तिला काय सांगू? अभ्यास चालू आहे म्हणू नका. हो की नाही, तुमच्या तोंडानं सांगा, आणि खाली सही करा. काय सांगू?