टकटक झाल्याशिवाय

वाचनालयाच्या मागच्या खोलीत शाळा सुटल्यावर मी पोरांना पत्ते खेळायला बसवते. जुगार नव्हे हो! पुठ्ठ्याचे पत्ते मीच कापलेत. कुठे पाव, कुठे अर्धा, कुठे पाऊण. बेरीज सांगेल त्याचे पत्ते. माझ्या बहिणीची ठकी वर्गात मूग गिळून बसायची, म्हणून हा सगळा खटाटोप.

पण बाकीची कार्टी कसली तिला बोलू देतात! हिच्या ओठांवर उत्तर येईतो ती ओरडून मोकळी. शेवटी चिडून मी नियमच काढला: शेजाऱ्याने तुमच्यापुढे टेबलावर टकटक केल्याशिवाय ब्र काढायचा नाही. काढला की पत्ता गेला. झालं, ठकीला कंठ फुटला. पाऊण आणि अर्धा? सव्वा! मी तर हवेतच होते.

आज तिची तोंडी परीक्षा. नापास झाली तर पुढच्या वर्षी धाकट्या भावाच्याच वर्गात बसायचं, असं शाळेने बजावलेलं. बहीण कामावर, म्हणून मी गेले. दाराला काच होती. आत ठकी आणि परीक्षक बाई, बाहेर मी आणि शिपाई.

बाईंनी फळ्यावर अर्धा आणि पाव लिहिलं. ठकीचे ओठ हलले. पाऊण! मला चक्क दिसलं. पण आवाज नाही. ती एकटक बाईंच्या हाताकडे बघत होती. अगं बाई, ही टकटकीची वाट बघतेय!

मी काचेवर बोट आपटणार, तोच शिपाई आडवा आला. मी म्हटलं, "अहो, तिला येतंय सगळं! बाईंना फक्त टेबल वाजवायला सांगा!"

"खाणाखुणा चालत नाहीत, ताई." त्याने मला बाकावर बसवलं. त्याचं तरी काय चुकलं?

बाई बाहेर आल्या तेव्हा शेरा लिहून झाला होता. मी हात जोडले, पत्त्यांचं सगळं सांगितलं. "खेळात काय, सगळ्यांनाच येतं हो," त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

मागून ठकी आली. रडत नव्हती, चांगली खुशीत होती.

"मावशी, सगळी उत्तरं येत होती! त्यांनी टकटक केलीच नाही, पण मी एकदाही मध्ये बोलले नाही. माझा एकपण पत्ता गेला नसेल ना?"