दोन-दोन ठोके

पहाऱ्याचा नियम गावाला मी लावला. तोंडावर कुणी तसं म्हणत नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मला तर आहेच.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी जमीन थोडी हलली. फळीवरची भांडी वाजली, एवढंच. पाठोपाठ हेल्मेट घातलेले दोघे मोटारसायकलवरून ओरडत गेले, "पाणी आलं, पाणी आलं, पळा." आम्ही हातातलं टाकून टेकडीवर पळालो. दोन तास बसलो. समुद्र समोर गप पडून होता. खाली आलो तर घरं धुतलेली, आणि ती पाण्यानं नव्हे. शेजारच्या ताकीमच्या होडीचं नवं इंजिन गेलं होतं. माझ्या बांगड्या गेल्या, आईच्या हातातल्या चार, तांदळाच्या डब्यात तळाशी पुरून ठेवलेल्या. मेल्यांनी तांदूळ जमिनीवर ओतून त्या शोधून काढल्या. मला बांगड्यांइतकाच त्या तांदळाचा राग आला.

आमचे मुखिया पाक द्वीजो, त्यांच्या ओसरीवर बैठक बसली. सगळ्यांत जास्त मी बोलले. मी बोलायला लागले की माझा नवरा सगिमान स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसायचा, तसा तेव्हाही बसला होता. मी म्हटलं, किनाऱ्यावर सरकारी भोंगा उभा आहे. खरंच पाणी येणार असेल तर तो वाजेल. त्या दिवशी तो वाजला नव्हता, तरी आपण शेपूट घालून पळालो, म्हणून लुटले गेलो. यापुढे जमीन हलली की सगळ्यांनी टेकडी गाठायची, पण पाळीनं एका घरचा पुरुष खाली पहाऱ्याच्या झोपडीत थांबेल. भोंगा वाजला तरच त्यानं जागा सोडायची. भोंग्याशिवाय कुणी 'पाणी, पाणी' करत आलं तर तो चोर समजायचा.

दुधानं तोंड पोळलेलं गाव. ताक पुढे केलं असतं तरी फुंकलं असतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पूर्वी एक केंतोंगान, म्हणजे ठोकून वाजवायचं आमचं पोकळ लाकूड, टेकडीवरच्या फणसाला टांगलेलं असे. मी विचारलं, वर कशाची राखण करायचीय, माकडांची? सगळे हसले आणि ते खाली आणलं. झोपडीचं तोंड समुद्राकडे होतं, ते फिरवून रस्त्याकडे केलं, कारण चोर रस्त्यानं येतात. ठोके लहानपणापासून सगळ्यांच्या अंगात आहेत. सावकाश सुरू करून भरभर आणि पुन्हा सावकाश, म्हणजे सगळं ठीक. दोन-दोन ठोके, म्हणजे चोरी, धावून या. दोन-दोन ऐकून जो पुरुष घरात बसला त्याच्याकडे पुढे कुणी लग्नाचं आमंत्रण घेऊनसुद्धा जात नाही.

घरी आल्यावर सगिमाननं एवढंच विचारलं, "आणि भोंगाच नाही वाजला तर?"

"सरकारनं काय शोभेला उभा केलाय?" मी म्हटलं. तो हसला आणि हात धुवायला गेला.

नंतर वर्षभरानं, मंगळवारी सकाळचे साडेनऊ झाले होते. मी बांबूच्या ताट्यांवर मासळी वाळत घालत होते. सगिमान दारात बसून मिरचीच्या सांबाल चटणीबरोबर भात खात होता. आधी कोंबड्या गप्प झाल्या आणि मग जमीन अशी हलली की मला उभं राहता येईना. ताट्या कोसळल्या, मासळी वाळूत गेली. किती वेळ हललं कुणास ठाऊक. मागच्या वेळचं हलणं याच्यापुढे काहीच नव्हतं. थांबलं तेव्हा माझे दात वाजत होते.

त्या आठवड्यात पाळी आमची होती. तो म्हणाला, "तू जा वर. मी आहे." मला म्हणायचं होतं, मरू दे ती पाळी, चल. पण बाजूनं ताकीमची बायको पोरांना ओढत चालली होती, आणि नियम माझा होता. मी म्हटलं, "रस्त्याकडे नीट लक्ष ठेव."

टेकडीवर पोचलो तेव्हा फोन बंद पडले होते. भोंगा वाजला नव्हता. खालून केंतोंगान ऐकू येऊ लागलं, सावकाश, भरभर, सावकाश. सगळं ठीक. बायकांनी श्वास सोडले. बाईला मानानं 'बू' म्हणतात आमच्याकडे; कुणीतरी मला चिडवलं, बू रुबिनाह, तुमचे हे घरातसुद्धा इतक्या नेमानं वागतात का? मीही हसले. खरंच हसले.

मग पाक द्वीजो उभे राहिले आणि समुद्राकडे बघू लागले. मी त्यांच्या नजरेच्या दिशेनं पाहिलं. समुद्र मागे गेला होता. आम्ही जन्मात न पाहिलेले खडक उघडे पडले होते, होड्या चिखलात कलंडल्या होत्या. खाली ठोके चालूच होते, सगळं ठीक, सगळं ठीक. झोपडीतून त्याला फक्त रस्ता दिसत होता.

आम्ही साठ-सत्तर जण एकदम ओरडलो. वारा समुद्राकडून होता. त्याचे ठोके आमच्यापर्यंत येत होते, आमचा आवाज त्याच्याकडे जात नव्हता. वर ठोकायला केंतोंगान नव्हतं. कुणी दगडावर दगड आपटले, कुणी ओढण्या फडकवल्या. पण माडांच्या आडून त्याला काय दिसणार होतं?

ताकीमनं मोटारसायकल काढली. डोक्यावर हेल्मेट होतंच. तो भला माणूस आहे, क्षणभरही घुटमळला नाही. गाव आणि झोपडी यांच्यामधल्या ओढ्यावरचा पूल भूकंपात खचला होता, तिथून पुढे गाडी जाईना. पलीकडे झोपडी दोनशे पावलांवर. त्यानं हॉर्न दाबून धरला आणि जीव तोडून ओरडला, "पाणी आलं, पळ, पाणी आलं." मग गाडी वळवून वर निघाला.

मोटारसायकल, हेल्मेट, 'पाणी आलं'. आणि भोंगा गप्प.

केंतोंगान थांबलं. मला वाटलं, निघाला. मी देवाचं नाव घेतलं. आणि मग ते पुन्हा सुरू झालं. दोन-दोन. दोन-दोन. दोन-दोन.

आमच्या पुरुषांना ते ठोके कानांना ऐकू येत नाहीत, पायांना येतात. ताकीम वर येऊन गाडी टाकतो न टाकतो तोच दहा-अकरा जण उठले होते. कोणाच्या हातात कोयता, कोणाच्या हातात नुसती काठी. कुणी म्हणालं, इतका वेळ झाला, पाणी यायचं तर आलं असतं. कुणी म्हणालं, चोर खरंच आले असतील, तो एकटा आहे. मालासाठी ते निघाले नव्हते. माझ्या नवऱ्यासाठी निघाले होते.

आणि मी एक क्षण काही बोलले नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. एक क्षण मला वाटलं, जाऊ देत. पळत गेले तर त्याला घेऊन येतील. माझा एक परत यावा म्हणून मी अकरा जणांना जाऊ देत होते. मग ताकीमचा धाकटा मुलगा बापाच्या कमरेच्या सारोंगला लोंबकळून रडायला लागला, आणि मी पायवाटेच्या तोंडाशी जाऊन आडवी उभी राहिले.

"कुणी खाली जायचं नाही."

"बू, तो बोलावतोय," ताकीम म्हणाला.

"ऐकू येतंय मला. चोर नाहीयेत तिथे. तुला पाहून वाजवतोय तो."

"मग मी जाऊन सांगतो ना. ओढ्यात उतरून जातो."

"समुद्राकडे बघ आधी."

त्यानं पाहिलं नाही. मला बाजूला सारायला हात लावला, आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. माझ्यापेक्षा वयानं मोठा माणूस. "तो माझा नवरा आहे, तुझा नाही," मी म्हटलं. "मी सांगते, नाही जायचं." पाक द्वीजो माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

दोन-दोन, दोन-दोन. मी त्या माणसाबरोबर सव्वीस वर्षं राहिले होते. त्याच्या ठोक्यांवरून मला कळत होतं की तो वैतागलाय, मग घाबरलाय. नियम होता की लोक पोचेपर्यंत वाजवत राहायचं. तोही मीच सांगितलेला. तो भरभर वाजवू लागला. माझ्यासमोर अकरा पुरुष माना खाली घालून रडत होते आणि कुणी जागचं हलत नव्हतं.

पाणी आलं तेव्हा मला वाटलं होतं तशी लाट नव्हती. एक काळी, रुंद पट्टी माडांच्या मागे सरकत आली, आणि शेंड्यांची ओळ एका बाजूनं वाकत गेली. ठोके तोपर्यंत चालू होते. मग नव्हते.

तीन दिवसांनी तो सापडला. भोंगा का वाजला नाही याची आजही दहा जण दहा कारणं सांगतात. केंतोंगान आता पुन्हा वर टांगलंय. ताकीमची बायको अजून रोज माझ्याकडे भात पाठवते, आणि ताकीम रस्त्यात भेटला की वाकून माझा हात कपाळाला लावतो. त्या अकरा घरांतून मला मान आहे. लोक म्हणतात, बू रुबिनाहनं स्वतःचं कुंकू दिलं आणि गाव राखलं. मी तो भात खाते.

पण सगिमानला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं नियमाप्रमाणे आम्हाला बोलावलं, हात दुखेपर्यंत बोलावलं. गावातलं एक माणूसही आलं नाही, आपली बायकोसुद्धा आली नाही, एवढंच कळून तो गेला.