वन्संच्या हातातला डावा दोर

सुकाणू गेलं ते अगदी मुकाट्याने. मी दांडा धरून बसले होते, मागून एक मोठी लाट बोटीखालून गेली आणि दांड्यातलं वजनच संपलं. मागे पाहिलं तर आमचं नुकतंच निळं रंगवलेलं सुकाणू पाण्यावर आडवं पडलेलं. तळाशी लोखंडी पत्रा होता, त्यामुळे फार वेळ तरंगलं नाही. बुडालं. दांडा तेवढा माझ्या हातात राहिला, लाटण्यासारखा.

"काय गं, काय झालं?" समोर बसलेल्या वन्संनी विचारलं. त्यांच्या मांडीवर उलटीसाठी डबा होता. त्यातून मान वर काढायला त्यांना एवढंच निमित्त पुरलं.

"सुकाणू पडलं."

"पडलं म्हणजे? बांगडी आहे का पडायला?"

सुकाणू बोटीच्या पाठीला दारासारखं दोन बिजागऱ्यांवर लटकतं. लाटेने ते वर उचलून निघू नये म्हणून वरच्या बिजागरीत एक खिट्टी घालतात. जुनी खिट्टी गंजली होती. मी पोटापाण्यासाठी शिडं शिवते. तीसुद्धा कोणी शिकवलेली नाहीत, फाटकी उसवून उसवून शिकले. त्यामुळे लोखंडापेक्षा मेण लावलेल्या दोऱ्यावर माझा जीव जास्त. खिट्टीच्या जागी मी दोऱ्याचे फेरे मारले, गाठ अशी मारली की बघत राहावं. गाठ सुटली नाहीच. बिजागरीच्या धारेने दोराच कापला. साधा कुलूपवालाही ही चूक करणार नाही.

"खिट्टी कोणी लावली होती?" वन्संनी विचारलं.

"मी."

"कशाची?"

"दोऱ्याची."

वन्संनी डबा बाजूला ठेवला. "मेलीने बोट शिवून काढली," त्या म्हणाल्या.

ही वेळ चेष्टेची नव्हती. बोट सासऱ्यांची, आणि आता तिचे तीन वाटेकरी: मी, वन्सं आणि धाकटे भाऊजी. हे गेल्यापासून भाऊजींचं एकच पालुपद, "वहिनी, विकून टाकू. तुम्हाला झेपायची नाही." गिऱ्हाईकही बघून ठेवलेलं. मी नाही म्हणाले, ते हो म्हणाले, आणि वन्सं म्हणाल्या, "मी डोळ्यांनी बघते आणि मग सांगते." दरवर्षी पावसाळ्याआधी बोट खाडीपलीकडच्या धक्क्यावर नेऊन वर ओढून ठेवतात. यंदा ती मी न्यायची, वन्संनी बसायचं, आणि भाऊजींनी आपल्या मोटारबोटीतून मागे यायचं, असं ठरलं. "ओढायला दोर तयार ठेवतो," ते हसून म्हणाले होते. मीही तोंडाची फटकळ. म्हटलं, "एकदा जरी तुमचा दोर घेतला ना, तर खुशाल विका."

आणि आता त्यांच्या मोटारीची घरघर जवळ येत होती.

सुकाणू नसलेली बोट वाऱ्याकडे तोंड वळवते. आमचीही वळली. शिडं फडफडायला लागली, मोठ्या शिडाची आडवी काठी डोक्यावरून इकडून तिकडे फिरायला लागली. मी वन्संचं डोकं खाली दाबलं, मोठं शीड अर्धं उतरवून बांधलं आणि पुढचं ताणलं. मागचं मोठं शीड बोटीची पाठ ढकलतं, म्हणून तोंड वाऱ्याकडे जातं. पुढचं शीड तोंड वाऱ्यापासून ओढून घेतं. हे म्हणायचे, बोट शिडं चालवतात, सुकाणू नुसती मान हलवतं. तेव्हा मी म्हणत असे, घरात पण तेच चालतं. खरंच, बोट हळूहळू वळली. जायचं होतं त्या बाजूला, साधारण. साधारण म्हणजे एकदा धक्क्याकडे, एकदा खडकांकडे.

"वहिनी!" भाऊजी हाकेच्या अंतरावर आले होते. फरशीच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात त्याच गोड आवाजात म्हणाले, "सुकाणू कुठे ठेवलंत?"

"धुवायला टाकलंय."

"हट्ट पुरे. दोर टाकतो."

"टाका आणि बघा."

"ताई, तू तरी सांग हिला!"

ताई म्हणजे वन्सं. त्यांचा जन्म दाताच्या डॉक्टरकडे मदतनीस म्हणून गेला. माणसाला तोंड उघडायला लावायचं आणि मग बोलू द्यायचं नाही, ही त्यांची विद्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. "बुडतोय का आपण?" मला विचारलं.

"नाही. पाण्याचा थेंब आत नाही. नुसतं वळता येत नाहीये."

"मग तू थोडा लांब जा रे धाकट्या. तुझ्या धुराने मळमळतंय मला."

आधी मी वल्हं मागे बांधून पाहिलं. एवढ्या बोटीपुढे ते दात घासायच्या ब्रशासारखं, दोन लाटांत निसटून वर आलं. मग बादली. बोटीमागे डावीकडे काही जड ओढलं तर बोट डावीकडे वळते, उजवीकडे ओढलं तर उजवीकडे, एवढं मला ठाऊक होतं. बादली टाकली, दोर ताणला आणि टण्णकन कडीची एक बाजू निखळली; बादली कशीबशी आत ओढून घेतली.

लांबून भाऊजी टाळ्या वाजवत होते. त्यांच्या जागी मीही वाजवल्या असत्या.

मी पुढच्या शिडाची पिशवी ओढून घेतली, जाड कापडाची, माझ्याच हातची. सुई-दोरा आणि तळहाताचा चामडी पट्टा तर माझ्या खिशातच असतो, बायका कुंकवाची डबी ठेवतील तसा. तोंड उघडं राहावं म्हणून कडी निखळलेल्या बादलीचा वरचा भाग पिशवीच्या तोंडात बसवला आणि कडेने टाके घातले. पिशवीचा तळ कापला, पाणी आरपार जायला हवं, नाहीतर पहिल्याच झटक्यात फाटली असती. बादलीचा तळ मात्र निघेना.

"सरक," वन्सं म्हणाल्या. त्यांनी बादली गुडघ्यांत धरली, माझा पोलादी दाभण घेतला, हातोडीने गंजक्या शिवणीवर कडेकडेने भोकं पाडत गेल्या आणि पकडीने तळ असा पिरगळला की तो निघून त्यांच्या हातात आला. "अक्कलदाढ याहून चिवट असते," म्हणाल्या. मळमळ कुठे गेली होती देव जाणे.

पिशवीच्या तोंडाला साखळीचा तुकडा, म्हणजे ती पाण्याखाली राहील. मग दोन लांब दोर, एक डाव्या कठड्यावरून, एक उजव्या. डावा ओढला की पिशवी डावीकडे येणार.

"डावा तुम्ही धरा," मी म्हणाले. "मी म्हणेन तेव्हा ओढायचा, मी म्हणेन तेव्हा सैल. मध्ये विचार करायचा नाही."

"मला शिकवतेस?"

"हो."

त्यांनी दोर हाताला गुंडाळायला घेतला. मी ओरडले, "गुंडाळायचा नाही, बोटं जातील!" आयुष्यात प्रथम मी त्यांच्यावर ओरडले. त्यांनी गुपचूप सोडवून नीट धरला.

पिशवी पाण्यात पडली, दोर ताणले, बोट गचकन मंदावली. "डावा!" वन्संनी पाय रोवून ओढला. काही झालं नाही. काहीच नाही. मग बोटीचं नाक खडकांकडून सरकलं आणि धक्क्याच्या दिशेला आलं, रुसलेलं माणूस मान वळवतं तसं.

"वळली!" वन्सं किंचाळल्या. "अगं, ही ऐकते की!"

बैलगाडीच्या वेगाने आम्ही निघालो. डावा, सैल, उजवा, डावा. दोघींची कोपरं सोलवटली. वन्संच्या अंबाड्याचा एकेक आकडा पाण्यात गेला, त्या प्रत्येकाला शिवी देऊन निरोप देत होत्या.

बंदराच्या तोंडाशी दोन दगडी बांध आहेत आणि त्यांच्यामधली वाट अरुंद. तिथे वारा वेडावाकडा होतो. तिथेच भाऊजी घाईने जवळ आले. आता त्यांचा आवाज गोड नव्हता, खरंच घाबरला होता. "ताई, आपटाल! धर!" आणि त्यांनी दोर फेकला. तो थेट वन्संच्या मांडीवर पडला.

मला दोर सोडून उठता येईना. बोटीचा तिसरा वाटा, म्हणजे वन्सं, तिथे ओला होऊन बसला होता, आणि त्याच्या मांडीवर बोटीचा निकाल.

"वहिनी ओरडली की ओढते मी," वन्सं भावाला म्हणाल्या. "आत्ता हात मोकळा नाही." आणि पायाने तो दोर त्यांनी कठड्याबाहेर लोटला. "तुझा दोर उचल. मोटारीच्या पंख्यात अडकला तर तुला कोण ओढणार?"

"डावा!" मी ओरडले.

डावा बांध इतका जवळून गेला की त्यावरचे शिंपले दिसले. आत शिरल्याबरोबर मी शिडं पाडली. धक्क्याला लागलो ते काही देखणेपणाने नाही. टायरांवर आपटलो, घासलो, माझा सगळा निळा रंग दगडाला लागला. पण लागलो.

भाऊजी धावत आले आणि पहिल्यांदा बोटीकडे न बघता बहिणीकडे बघितलं. "बरी आहेस ना?" मग पडलेल्या आवाजात, "त्या गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"सांग, सुकाणू नाही, रंग उडालाय आणि दोन म्हाताऱ्या उतरायला तयार नाहीत," वन्सं म्हणाल्या. बोटं ताठरली होती, दोर अजून हातातच होता. मी तो हळूच सोडवायला गेले तर त्यांनी माझा हात झटकला.

"नवीन खिट्टी लोखंडाची. ती मी लावणार," त्या म्हणाल्या. "आणि परत नेताना दांडा माझ्याकडे."